मेनकेचा मास्क

खारीक बसली.

निंबळगीच्या दूध संस्थेच्या हॉलमध्ये स्टीलच्या डब्यांची लांबलचक ओळ मांडली होती. प्रत्येक डब्याच्या झाकणाला भोकं, आणि आत गावातल्या कुणीतरी तोंडाला लावून श्वास सोडलेला एकेक मास्क. सुरुवातीचे डबे खारीकनं नुसते हुंगले आणि सोडले. मग एका डब्यापाशी तिचं नाक अडलं. ती पुढं गेली, मागं आली, पुन्हा हुंगलं, आणि शेपटी आवरून त्या डब्यासमोर टुकुटुकू माझ्याकडे बघत बसली. हॉलमध्ये माणसं खिडक्यांत चढून बसली होती, पण कुणी खोकलंसुद्धा नाही.

पहिल्या रांगेतून तेवढे कलगोंडा अण्णा उठले. पांढरी टोपी, पिकलेल्या मिशा, आणि ओठ असे दाबून धरलेले, जणू हसू आता कुठल्याही क्षणी सांडेल.

"बाई, कितवा डबा वो त्यो?"

"सतरा नंबर," मी म्हणाले.

"नक्की सतरा?"

"नक्की."

अण्णा गावाकडे वळले. दोन्ही हात वर करून, आरोळी ठोकल्यासारखे म्हणाले, "सतरा नंबर माझी म्हैस हाय! मेनका! कुत्रीनं म्हशीला क्यान्सर काढला!"

त्यानंतर जो हशा पिकला, तो मला आजही ऐकू येतो. बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. खिडकीतला एक जण खाली पडला आणि पडल्या पडल्या हसत राहिला. खारीकला वाटलं, आपलंच कौतुक चाललंय. ती शेपटी हलवत माझ्या खिशातल्या बिस्किटाची वाट बघायला लागली. मी दिलं. तिनं तिचं काम केलं होतं, आणि तेव्हा त्या हॉलमध्ये असं मानणारी मी एकटीच होते.

मी वैजयंता. माझे वडील जतकडे कारवानी कुत्री पाळायचे, त्यामुळे मला कुत्री कळायची आणि माणसं कमी कळायची. मिरजेच्या एका संशोधन संस्थेत डॉक्टर पेंढारकर मॅडमनी मला कामावर घेतलं ते त्यासाठीच. मॅडमचं म्हणणं सोपं होतं. कॅन्सर धरला की शरीरात जे बिघडतं, त्याचा अगदी पुसटसा वास श्वासात उतरतो. माणसाला तो येत नाही, कुत्र्याला येतो. माणसानं दहा मिनिटं मास्क लावून बसायचं, मास्क डब्यात घालायचा, डबा खारीकनं हुंगायचा. ती जिथं बसेल, त्या माणसाला तपासणीला बोलवायचं. "कुत्री निदान करत नाही," मॅडम प्रत्येक गावात बजावून सांगायच्या. "ती फक्त म्हणते, इथं जरा बघा." खारीक कधी कधी चुकायची. ज्याला काही नाही त्याच्या मास्कपुढेही बसायची. पण म्हशीपुढे बसेल, हे माझ्या मनाला पटेना.

निंबळगीत सुरुवातीपासूनच गाडं अडलं होतं, आणि ते अडवलं होतं अण्णांनी. अण्णा दूध संस्थेचे चेअरमन आणि गावाचे हौशी खोडकर. माती तपासायला साहेब आले, तेव्हा अण्णांनी घरच्या तुळशीच्या कुंडीतली माती शेतातली म्हणून दिली होती, आणि "ऊस घ्यावा" असा सल्ला आल्यावर वर्षभर कुंडीत ऊस लावला होता. आम्ही आलो तेव्हा ते म्हणाले, "आदी आमच्या डोळ्यांदेखत कुत्री चालवून दाखवा. खरी निघाली तर उरलेलं गाव मास्क घालंल, आनि शेजारची चार गावंबी घालतील." अर्ध्या गावानं मास्क दिले होते, अर्धं गाव अण्णांच्या तोंडाकडे बघत होतं. नावं कुणालाच कळणार नाहीत, डब्यांवर फक्त नंबर असतील, या अटीवर मॅडम तयार झाल्या. आणि अण्णांनी काय केलं, तर "घरात बहीण हाय, मेनका नावाची, उठता येत न्हाई तिला," असं सांगून एक जादा मास्क घरी नेला आणि नंबर पाठ करून ठेवला.

हॉलमध्ये आता बायका उठून आमच्या टेबलाशी आल्या होत्या.

"आमचे मास्क परत द्या वो."

"परत घेऊन काय करणार?" मी विचारलं.

"धुतो आनि वापरतो. चांगलं कापड हाय की."

पेंढारकर मॅडम सतरा नंबरच्या डब्यापाशी गेल्या, झाकण काढलं, चिमट्यानं मास्क उचलून उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, बाई खचल्या. पण मॅडम खचल्या की चष्मा पुसायच्या, आणि आत्ता त्यांनी तो पुसला नव्हता.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "म्हशीला मास्क कुणी बांधला?"

"भूपालनं. मी सांगितलं, त्यानं बांधला. आमचा भूपाल सांगितल्यालं काम पुरं केल्याबिगर उठत न्हाई."

भूपाल म्हणजे त्या दिवशी सकाळी माईकवर कार्यक्रमाची घोषणा करणारा तो उंच, हडकुळा माणूस. पेंडीची पोती आली, दुधाचा दर बदलला, कुणाचं रेडकू हरवलं, सगळं गावाला भोंग्यावरून भूपालच सांगायचा. अण्णांचा शाळेपासूनचा मित्र. अण्णा बोलायचे आणि भूपाल ते गावाला ऐकवायचा, असं त्यांचं ठरलेलं होतं. सकाळी मात्र त्याच्या घशातून नुसती खरखर आली होती, आणि अण्णा हसून म्हणाले होते, "निवडणुकीत माझा प्रचार करून करून आमच्या भोंग्याची वायर तुटलीया!"

"कुठं आहेत ते?" मॅडमनी विचारलं.

माईकपाशी कुणी नव्हतं. खुर्चीवर त्याचं उपरणं तेवढं राहिलं होतं.

"गेला आसंल बिडी वडायला. त्याचं काय काम?"

"काम नाही. मला म्हैस बघायची आहे."

अण्णांना याहून मोठा आनंद दुसरा नव्हता. त्यांनी आम्हाला गावातून मिरवतच घरी नेलं. वाटेत जो भेटेल त्याला सांगायचे, "म्हशीला तपासायला मिरजेस्नं डाक्टर आल्यात!" अण्णांच्या बायकोनं, पद्माक्कांनी, आम्हाला बघून चहा टाकला आणि खारीकला बघून पडवीतली पापडाची चाळण उचलून आत नेली.

मेनका गोठ्यात रवंथ करत उभी होती. काळीभोर, अंगानं भरलेली, आणि नजर अशी की पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी यायला सांगावं. खारीक, जी मिरजेच्या रस्त्यावर ट्रकला घाबरली नव्हती, ती माझ्या पायांमागं जाऊन उभी राहिली.

मॅडमनी पिशवीतून नवा मास्क काढला. "अण्णा, परवा भूपालनी बांधला तसाच बांधून दाखवा."

"द्या की. त्यात काय हाय!"

अण्णांनी मास्क घेतला, मेनकेला चुचकारलं आणि नाकाशी नेला. मेनकेनं एक जोराचा श्वास सोडला. मास्क अण्णांच्या मिशांना येऊन चिकटला.

"लाजतीया," अण्णा म्हणाले.

दुसऱ्यांदा त्यांनी एका हातानं शिंग धरलं. मेनकेनं मान झटकली, अण्णांची टोपी गव्हाणीत आणि अण्णा शेणात. तिसऱ्यांदा त्यांनी दोर घेतला, वेसणीला धरलं, कपाळाला कपाळ लावून काहीतरी समजूतही घातली. मेनकेनं शांतपणे जीभ बाहेर काढली, अण्णांच्या हातातला मास्क तोंडात घेतला आणि कडबा खावा तसा चावायला लागली. दोन्ही बाजूंनी पट्ट्या लोंबत होत्या. त्यासुद्धा हळूहळू आत गेल्या.

मी हसत सुटले. त्या दिवशी सकाळपासून पहिल्यांदा. अण्णाही हसत होते. मॅडम मात्र हसत नव्हत्या.

"सतरा नंबरचा मास्क कोरा होता, अण्णा," त्या म्हणाल्या. "ना लाळ, ना केस, ना चाऱ्याचं एक तूस. पट्ट्या कानामागं घातल्यावर पडते तशी घडी मात्र होती. हिचे कान बघा, आणि मास्कची पट्टी बघा."

अण्णांनी मेनकेच्या कानांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, पण आता ते तिथं विसरून राहिल्यासारखं दिसत होतं.

अक्का चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भूपालभावजी परवा हितंच बसलं हुतं की. मेनकेच्या बाजूला, पालथ्या पाटीवर. तोंडाला ते पांढरं बांधून. मी म्हनलं, भावजी, जलम गोठ्यात गेला आनि आताच कसा वास यायला लागला? ते काय बोललं न्हाईत. हातानंच म्हनलं, ऱ्हाऊ दे."

गोठ्यात मेनकेच्या चावण्याचा तेवढा आवाज येत होता.

"आनि त्या निवडणुकीला वरीस हून गेलं," अक्का पुढं म्हणाल्या. "घोषणा देऊन घसा वरीसभर बसतो व्हय? मी किती बारी म्हनलं तुमास्नी."

अण्णा गव्हाणीच्या कठड्यावर बसले. टोपी गव्हाणीतच राहिली होती आणि मेनकेचं लक्ष तिच्याकडे गेलं होतं, पण अण्णांनी ती उचलली नाही.

भूपाल नदीकाठच्या, पाणी उपसायच्या मोटारीच्या खोलीत सापडला. अण्णांना शोधावं लागलं नाही, ते सरळ तिथंच गेले. लहानपणी मास्तरांचा मार चुकवायलाही तो तिथंच बसायचा, असं त्यांनी मला वाटेत सांगितलं.

आम्हाला बघून भूपाल उठून उभा राहिला आणि खारीकला बघून भिंतीला टेकला. खारीक त्याच्या पायांवरून उडी मारून सरळ पलीकडच्या बेडकाकडे गेली. तिला शिकवलं होतं ते डब्यांपुढे बसायला, माणसांकडे ती ढुंकूनही बघायची नाही. जे काही कळायचं ते आता भूपालच्याच तोंडून कळणार होतं.

"मास्क तू घातलास?" अण्णांनी विचारलं.

भूपालनं मान हलवली.

"लेका, म्हशीला बांध म्हनलं हुतं मी."

"बांधला की." आवाज कागदावर काटकी घासावी तसा. "पयल्यांदा फेकला. दुसऱ्यांदा शिंग उगारलं. तुला काय सांगू, जमलं न्हाई म्हनून? तू दिवसभर चिडवलं आसतंस. मग मीच घातला. दहा मिंटाचा तर प्रश्न."

"आनि सकाळी कुत्री बसली तवा?"

"तवा..." भूपाल थांबला. "तवा तू म्हनालास म्हैस, आनि सगळी हसली. मी म्हनलं, हसू देत. म्हशीचंच निघालं म्हनू देत."

त्याला ठाऊक होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. बऱ्याच दिवसांपासून ठाऊक होतं. त्याच्या चुलत्याचा घसा असाच बसला होता आणि मग चुलताच उठला नव्हता, हे अण्णांनी मला नंतर सांगितलं. म्हणून आम्ही मास्क वाटले तेव्हा त्यानं स्वतःच्या नावाचा मास्क घेतला नव्हता. स्वतःच्या नावानं ज्याला धीर झाला नाही, तो म्हशीच्या नावानं निमूट श्वास सोडून बसला होता.

मॅडम त्याच्यासमोर दगडावर बसल्या. "हे बघा, कुत्री बसली म्हणजे झालाच असं नाही. दुर्बिणीतून घसा बघावा लागेल, तुकडा तपासावा लागेल. आणि असलाच, तर आवाजाच्या पडद्यावरचा कॅन्सर लवकर ओरडतो. आवाज बसतो, माणूस सावध होतो. लवकर धरला तर नुसत्या किरणांच्या उपचारानं बहुतेक जण बरे होतात. आवाजही राहतो. उद्या सकाळी मिरजेला या."

"उद्या न्हाई. अक्षता पडल्यावर."

"कसल्या अक्षता?"

"माझ्या त्रिशलाच्या. वैशाखात लगीन हाय. घरात क्यान्सर हाय म्हनून कळलं तर सोयरीक मोडंल. मोडत्यात वो, मी बघितल्यात."

"वैशाखाला तीन महिने आहेत, भूपाल! तोवर हा पडद्यावरून खाली उतरेल. मग मी आत्ता बोलले त्यातलं एकही वाक्य मला परत बोलता येणार नाही."

"मिरजेला रोज मोटारसायकलीनं जायाचं म्हनजे आख्खं गाव इचारनार. आनि ह्या गावात..." त्यानं अण्णांकडे बघितलं आणि पुढचं बोलला नाही. गावात बातमी पसरवायची ती या दोघांनीच, एकानं सांगून आणि दुसऱ्यानं भोंग्यावरून.

अण्णा इतका वेळ मोटारीच्या पाइपावर हात ठेवून उभे होते. डोकं उघडं, सदऱ्याला शेण. ते एकदम म्हणाले, "तुला कशाला जावं लागतंय? मी जातो."

"तू जाऊन काय करनार?"

"मी आजारी पडतो. तू माझ्याबरूबर यायाचं. सोबतीला."

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा वाजला तेव्हा मी दूध संस्थेच्या ओसरीवर खारीकला ब्रश करत होते. आवाज भूपालचा नव्हता.

"हालो. हालो. मी कलगोंडा बोलतोय. काल मी म्हनालो, सतरा नंबर म्हैस हाय. ते खोटं हुतं. म्हैस मास्क घालत न्हाई, मास्क खाती. कुनाला बघायचं आसंल तर घरी येऊन बघा. त्यो मास्क मी घातला हुता. स्वताच्या नावानं द्यायला भ्यालो, म्हनून म्हशीचं नाव दिलं. कुत्री माझ्यापुढं बसली. कुत्री खरी हाय, चेअरमन खोटा हाय. आज मी मिरजेला तपासायला चाललोय. ज्यास्नी मास्क परत पायजे त्यांनी न्यावा, आनि ज्यास्नी जीव पायजे त्यांनी ठेवावा. भूपाल माझ्याबरूबर येतोय. डेअरी आज बंद न्हाई."

भोंगा खरखरला आणि बंद झाला. ओसरीवर आलेल्या दोन बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मग त्यातली एक मला म्हणाली, "एक मास्क द्या." दुपारपर्यंत आमचे मास्क संपले. मिरजेहून मागवावे लागले.

भूपालला कॅन्सर होता. आवाजाच्या एका पडद्यावर, लहान, अगदी सुरुवातीचा. रिपोर्ट आला तेव्हा मॅडमनी चष्मा पुसला, आणि त्या दिवशी मला कळलं की आनंद झाला तरी त्या चष्मा पुसतात.

मग सुरू झाला तो अण्णांचा आजार.

आठवड्यातून पाच दिवस दोघं मिरजेला जायचे. आत मशीनखाली भूपाल, बाहेर बाकावर अण्णा. संध्याकाळी गावात शिरताना अण्णा मागं बसायचे आणि मान टाकायचे. भूपाल गाडी चालवायचा. भर उन्हाळ्यात त्याच्या गळ्याला मफलर, आत किरणांनी कातडी काळवंडलेली. कुणी विचारलं तर अण्णाच सांगायचे, "माझ्या काळजीनं त्याला कणकण यायला लागलीया." लोक हळहळायचे, मैत्री असावी तर अशी.

गावानं अण्णांना खाऊ घालायचं मनावर घेतलं. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी शिरा, संध्याकाळी कुणाच्या तरी घरची मऊ खिचडी. शहाळी तर गोठ्यात रचून ठेवावी लागायची. भूपालला गिळताना दुखायचं, तेव्हा ती आंबील आणि ती खिचडी मागच्या दारानं त्याच्याकडे जायची. शिरा मात्र अण्णा स्वतः संपवायचे. महिन्याभरात त्यांनी छान बाळसं धरलं. "औषधाची सूज हाय," ते गंभीरपणे सांगायचे.

खरी पंचाईत अक्कांची झाली. घरात सगळं ठाऊक, आणि दारात समाचाराला आलेल्या बायका. अक्कांना रडूच यायचं नाही. एकदा त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि पदराआडून फिस्सकन हसल्या. बायकांना वाटलं हुंदका. त्या सगळ्या मिळून रडल्या, आणि मग अक्कांनाही खरोखरचं रडू आलं. भूपालभावजींसाठी आलं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. बरेच दिवस साठलेलं होतं ते सगळं निघून गेलं, म्हणाल्या.

एक दिवस अण्णा मिरजेला आले ते गोटा करून. मिशासुद्धा काढलेल्या. मॅडम बघतच राहिल्या.

"हे काय केलंत?"

"क्यान्सरमदी केस जात्यात न्हवं? गावातल्या एक-दोघांनी इचारलं, आजून कसं हायत म्हनून."

"घशाच्या किरणांनी डोक्याचे केस जात नाहीत, अण्णा!"

"गावाला कुठं ठावं हाय?" अण्णा म्हणाले आणि गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला. "मिशा काढताना मातर लई जिवावर आलं वो बाई."

त्या दिवशी भूपालला आत जरा जास्त वेळ लागला. शेवटचे आठवडे वाईट असतात. त्याचा आवाज पार गेला होता, पाणीसुद्धा चमच्यानं घ्यायचा. मी खारीकला घेऊन बाकावर अण्णांशेजारी बसले. अण्णांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. आधी ते कधी तिला शिवले नव्हते.

"बाई," ते म्हणाले, "मी जलमभर बोललो, ते गावाला त्याच्या आवाजात ऐकू आलं. माझा सवताचा आवाज कसा हाय ते त्या दिवशी भोंग्यावर पयल्यांदा ऐकलं. चांगला न्हाई." मग म्हणाले, "त्यो बोलायला लागूद्या. मी गप बसायला तयार हाय."

अण्णांचं रडणं त्यांच्या हसण्याएवढंच मोठं होतं. खारीकनं त्यांचा हात चाटायला सुरुवात केली आणि कॉरिडॉरमधल्या नर्सबाईंनी तेवढ्यापुरतं कुत्र्याकडे बघितलं नाही.

वैशाख संपता संपता त्रिशलाचं लग्न झालं. दूध संस्थेच्या पटांगणात मांडव, व्याही इचलकरंजीचे, भारदस्त, फेटा बांधलेले. मॅडम आणि मी पहिल्या रांगेत. खारीकच्या गळ्यात अक्कांनी झेंडूची माळ घातली होती आणि ती त्यातली फुलं खात होती. अण्णांच्या डोक्यावर नुकतं गवत उगवलं होतं, मिशा अजून कोवळ्या होत्या. येणारा प्रत्येक पाहुणा आधी अण्णांची तब्येत विचारत होता आणि मग नवरी कुठं आहे ते.

अक्षता पडल्या. ताशे थांबले. जेवायच्या पंगतीची घोषणा करायला अण्णा माईककडे निघाले, तोच भूपालनं त्यांच्या हातातून माईक काढून घेतला. गळ्यातला मफलर सोडला आणि अण्णांच्या हातात दिला.

"हालो," तो म्हणाला.

आवाज होता. जरा जाडा, कडेला थोडा खरवडलेला, पण मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेला. आचाऱ्यांनी झारे खाली ठेवले.

"हालो. पंगत बसायच्या आदी एक सांगतो. कलगोंडाला काय बी झालेलं न्हाई. त्यो ठणठणीत हाय. सतरा नंबर मी. क्यान्सर मला झाला हुता, मिरजेला किरणांचा शेक मी घेतला, शिरा त्यानं खाल्ला. पोरीचं लगीन मोडंल म्हनून मी भ्यालो, आनि माझं भ्याव ह्यानं सवताच्या अंगावर घेतलं. टकलासकट. डाक्टर म्हनत्यात, आता घशात काय न्हाई. व्याही, तुमास्नी आदी सांगाया पायजे हुतं. काय बोलायचं आसंल तर मला बोला, पोरीला नगो."

त्रिशला बापाकडे बघत होती, आणि मुंडावळ्यांमधून तिचे डोळे वाहत होते. अण्णांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. व्याही उठले. फेटा सावरला, सावकाश चालत भूपालपुढं जाऊन उभे राहिले. त्यांनी माईककडे एकदा बघितलं आणि हातानं तो बाजूला सारला. तरी पुढच्या रांगेत आम्हाला ऐकू आलं.

"आमच्या घरात बी दोघं-तिघं तोंड लपवून हायत," ते म्हणाले. "ती कुत्री इचलकरंजीला कवा येनार, तेवढं इचारून सांगा."

मग त्यांनी भूपालला मिठी मारली, आणि मांडवातून जो आवाज उठला तो पहिल्या दिवशीच्या हशापेक्षाही मोठा होता. त्या गोंधळात अण्णा मागून ओरडत होते, "आरं पर लेका, आता शिऱ्याचा हिशेब मागतील की सगळी!"

या गोष्टीला पाच वर्षं झाली. इचलकरंजीला आम्ही गेलो, आणखी कितीतरी गावांना गेलो. निंबळगीतल्याच दोन बायकांना वेळेत कळलं, आणि चौघाजणांपुढे खारीक उगीचच बसली, त्यांनी तपासणीनंतर तिला सगळ्यांत मोठ्या आवाजात दुवा दिला. आता मिरजेच्या संस्थेत नवीन मुलं आहेत, कुत्रं डब्यापाशी किती थबकतं ते कॉम्प्युटर टिपतो, आणि त्यावरून वास ओळखणारं यंत्र बनवायचं घाटत आहे. यंत्राला बिस्कीट लागणार नाही, एवढं एक दुःख मला आहे.

खारीक म्हातारी झाली, नाक मंदावलं, आणि मागच्या दिवाळीला मॅडमनी तिला निवृत्त केलं. तिला घरी न्यायला मी तयार होते. पण निंबळगीहून दोन माणसं मोटारसायकलवर आली आणि खारीकला दोघांच्या मध्ये बसवून घेऊन गेली. माझं कुणी ऐकलंच नाही.

भूपालची शेवटची तपासणी परवा झाली. आता दरवर्षी यायची गरज नाही, असं मॅडमनी त्याला सांगितलं. मी त्या दिवशी रजेवर होते, म्हणून संध्याकाळी त्याचा फोन आला. त्यानं नेहमीसारखीच सुरुवात केली, भोंग्यावरच्या आवाजात, मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"हालो, हालो. बाई, मेनका बोलतीया. पास झालो."

मला हसू आलं. मी म्हटलं, "ऐकलं मी. आणि खारीक कशी आहे?"

"हाय की. हितंच हाय." मग जरा घाईनं म्हणाला, "माझ्यापुढंच बसलीया, पर घाबरू नगा. नुसतीच बसलीया."